पाणचष्मा

तिच्या सासरी सगळ्यांना पोहता येत होतं, आणि तिला कपडे सांभाळता येत होते.

कामाची वाटणीच तशी पडली होती. उन्हं कलली की घराला कुलूप घालून सगळे धक्क्यावर निघायचे. पुढे सासूबाई, मागे नणंद, तिच्या मागे नवरा आणि शेवटी ही, टॉवेलांचं गाठोडं काखोटीला मारून. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांपाशी आलं की एकेक जण आपले कपडे, चपला, घड्याळ हिच्या स्वाधीन करून उडी टाकायचा, आणि ही वरच्या पायरीवर बूड टेकायची. सासूबाई सत्तरीला आल्या होत्या. पाण्यात पडल्या की त्यांचे गुडघे दुखायचे थांबत, पायऱ्या चढताना पुन्हा दुखायला लागत. म्हणून त्या लवकर बाहेरच येत नसत.

हिचं माहेर कोरड्या मुलखातलं, विहिरीचं पाणीसुद्धा जपून वापरणारं. त्यात चष्म्याचा नंबर मायनस नऊ. चष्मा काढला की समोरचा माणूस आहे की दार आहे, हे तो बोलला तरच कळायचं. लग्नाच्या नव्या नवलाईत तिला एकदा पाण्यात उतरवलं होतं, चष्म्याशिवाय. घाबरून तिने नवऱ्याच्या गळ्याला जी मिठी मारली ती सोडेना, आणि मग लांबून नवऱ्याची हाक ऐकू आली. मिठीतला माणूस लाँचचा तिकीटवाला होता. तो बिचारा अजूनही रस्त्यात दिसला की दुरूनच मान हलवून पलीकडच्या बाजूला जायचा. त्या दिवसापासून ती पायरीवर बसली ती बसलीच.

तसं तिचं काही अडलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी तिचं पंक्चरचं दुकान होतं, वडिलांच्या हाताखाली शिकलेलं काम होतं, आणि हाताला यश होतं. एकदा तिने पॅच मारला की ट्यूब दुसरीकडे फाटेल पण तिथे फाटणार नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. अडायचं ते रात्री जेवताना. कारण जेवताना घरात हमखास स्कूटरचा विषय निघायचा.

ही स्कूटर नवऱ्याची. लग्नाच्या आधी तो धक्क्यावर लाँचचा दोर बांधत असताना ती स्टँडवरून घसरली, उताराला लागली आणि त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेली. काढायची कुणाची ऐपत नव्हती. मग ती खालीच राहिली आणि हळूहळू घरातल्या माणसासारखी झाली. आज हँडलवर खेकडा बसला होता, असं नणंद सांगायची. सीटखाली माशांनी संसार थाटलाय, असं सासूबाई सांगायच्या. रंग अजून हिरवा दिसतो की काळा पडलाय, यावर नवरा आणि नणंद यांचं हमरीतुमरीवर यायचं. हात मात्र कुणी लावायचा नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. नणंदेचा पाय एकदा तिथल्या शिंपल्यांनी चांगला फाटला होता.

आणि ही मुकाट्याने वाढत राहायची. खरं म्हणजे त्या स्कूटरला तिच्याइतकं जवळून कुणी ओळखत नव्हतं. तिकडे कामाला असताना गाडीच्याच मागच्या चाकाच्या पंक्चरपायी हा माणूस पहिल्यांदा तिच्या वडिलांच्या दुकानात आला होता. पुन्हा आला तेव्हा पंक्चर होतं. त्यानंतर आला तेव्हा नव्हतं, तरी ट्यूब काढून बघा म्हणाला. तेव्हा तिने ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून एक मडफ्लॅप कापून स्कूटरच्या मागे लावून दिला होता, फुकट, आणि तो बदामाच्या आकाराचा होता. पत्त्यांतल्या बदामासारखा. घरी विचारलं तेव्हा त्याने ते पान आहे म्हणून सांगितलं.

तर एका रात्री नवऱ्याने बातमी आणली की धक्का वाढवणार आहेत. येत्या आठवड्यात क्रेनवाला तराफा येणार, गाळ उपसणार, आणि तळाशी जे काय लोखंड पडलंय ते सगळं उचलून भंगारात देणार. जेवणावर एकदम सुतक आल्यासारखं झालं. सगळे स्कूटरच्या आठवणी काढायला लागले. ती सहज म्हणाली की बाकी काही का होईना, मागचं रबर अजून शाबूत असेल, रबर पाण्यात कुजत नाही.

"तू कुठे बघितलंयस, बाळ?" सासूबाई म्हणाल्या. अगदी मायेने म्हणाल्या. "घे, जेव तू."

त्यात टोचून बोलणं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त टोचलं. रात्री कुशीवर वळून तिने विचार केला, आपली स्कूटर, आपलं रबर, आणि आपण सोडून गावाने बघितलीय. आता ती भंगारात जाईल आणि पुढे जन्मभर जेवताना हे लोक तिच्याबद्दल बोलतील, आणि मी वाढत राहीन.

सकाळी ती नणंदेबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत गेली. नणंद चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती, जिभेला धार होती, पण वहिनीवर तिचा जीव होता. वहिनीचं म्हणणं तिने ऐकून घेतलं आणि नाक मुरडलं. या घरात कुणी कधी गॉगल लावून पोहलं नव्हतं. गॉगल लावणारे ते सुट्टीत येणारे पाहुणे. आपली माणसं खाऱ्या पाण्यात उघड्या डोळ्यांनी पोहतात, असा घरचा बाणा होता.

"वन्सं, मला पोहायचं नाहीये," ती म्हणाली. "मला बघायचंय."

नणंदेची बस आली आणि गेली. ती चढलीच नाही.

तिने समजावून सांगितलं की डोळ्याला बघायला समोर हवा लागते. पाणी थेट डोळ्याला भिडलं की चांगल्या डोळ्यालाही नुसतं धुकं दिसतं. म्हणून काच, आणि काचेमागे हवा.

"मग तुम्हाला खाली कसं दिसतं?"

नणंद जरा घुटमळली. "सवयीने," म्हणाली.

जुने चष्मे ही कधी टाकत नसे. त्यातल्या एकाच्या काचा नणंदेने काढून दिल्या. हिने ट्रकच्या ट्यूबच्या दोन कड्या कापल्या, काचा त्यात बसवल्या, वर सोल्यूशन लावलं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी डोक्यामागून घेतली. दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानातल्या घमेल्यात तोंड घातलं. हे घमेलं म्हणजे तिचा जन्माचा सोबती. ट्यूब त्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, बोट ठेवायचं. आता बुडबुडे तिच्याच भुवईतून यायला लागले. आणि तळाशी टाकलेला पाना दिसत होता खरा, पण बोटाएवढा, आणि बघता बघता डोळ्यांमागे असं दुखायला लागलं की तिने ते सगळं काढून टाकलं.

संध्याकाळी नणंदेने काचा उलटसुलट करून पाहिल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं काचा घासते मी, म्हणाली, आणि एवढं कळू नये. चष्म्याच्या काचेला बाहेरच्या अंगाने फुगवटा असतो. त्या फुगवट्याला पाणी लागलं की नंबर बदलतो. तेव्हा पाण्याला द्यायची सपाट काच, आणि नंबर ठेवायचा आत, कोरड्यात.

सपाट काच म्हणजे फुटणारी नको. दुकानांच्या पाट्या रंगवणारा शेजारी होता, त्याच्याकडे जाड प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्याचे तुकडे पडलेले असत. त्याच्याकडून एक तुकडा आणला. नणंदेने तो कपाळापासून नाकाखालपर्यंत येईल असा लांबट गोल कापला, कडा घासून लोण्यासारख्या केल्या, आणि आतल्या बाजूने दोन्ही काचा चिकटवल्या, वहिनीच्या डोळ्यांमधलं अंतर दोनदा मोजून. पुढचं काम वहिनीचं. ट्रकच्या ट्यूबचा रुंद पट्टा, चेहऱ्याला टेकायच्या बाजूला स्कूटरच्या ट्यूबची मऊ घडी, म्हणजे गालाला चावणार नाही. नाक आतच. बाहेरून काचेभोवती रेडिएटरच्या पाइपला लावतात ती मोठी लोखंडी क्लिप आवळली आणि तिच्यावर पुन्हा रबर चढवलं. सोल्यूशनचा वास जाईस्तोवर ते सगळं दुकानात ट्यूबांच्या मागे टांगून ठेवलं. बघणाऱ्याला वाटावं, कुठल्यातरी मोठ्या बेडकाचं तोंड वाळत घातलंय.

श्वासाच्या नळीचं मात्र पहिल्याच फटक्यात हसू झालं. वायरिंगचा कोरा पाइप तिने वाळू भरून, तोंडं बंद करून, स्टोव्हवर लांबूनच शेकत वाकवला. वाळू असली की पाइप चेपत नाही, हे तिला वडिलांकडून ठाऊक होतं. पण भीती फार, त्यामुळे पाइप चांगला कमरेएवढा लांब ठेवला. पाणी वरपर्यंत येऊच नये. घरीच मोरीत बसून तोंडात धरला तर थोड्याच वेळात जीव घुसमटायला लागला. आपलाच उच्छ्वास आपल्यालाच परत येत होता, बाहेरची ताजी हवा आत पोचतच नव्हती. तिने तो मोरीतच टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी बघते तर गायब. सासूबाईंनी तो टाकीच्या ओव्हरफ्लोला लावूनसुद्धा टाकला होता. कुणी केलं गं हे, बरं वाकवलंय, कधीपासून सांगत होते मी, असं सगळ्या घरादाराला ऐकवत त्या फिरत होत्या. ही आणि नणंद एकमेकींकडे न बघता भांडी घासत राहिल्या.

दुसरा पाइप तिने दोन वितींचा केला. तोंडात धरायला सायकलच्या हँडलची नवी मूठ कापून, दातांत बसेल अशी घडवली. आणि मग दुकानात सराव. नाकाने घ्यायचं नाही, फक्त तोंडाने. काचेला आतून थुंकी लावून धुवायची, म्हणजे वाफ धरत नाही. ही युक्ती तिने चष्म्यावर पावसाळाभर वापरलेली होती, कुणाला सांगितली नव्हती एवढंच.

एका दुपारी पोस्टमन सायकल ढकलत आला. पुढचं चाक बसलेलं. बघतो तर पंक्चरवाली गुडघ्यांवर, तोंड घमेल्यात, आणि डोक्यामागून एक पाइप फुर्र फुर्र करतोय. तो तसाच उभा राहिला. जरा वेळाने, तोंड पाण्यातच ठेवून, तिने हात वर केला, बसलेल्या चाकाची फतफत ऐकू आली होती तिकडे बोट केलं, आणि थांबा अशी खूण केली. तो थांबला. नंतर पंक्चर काढून घेताना त्याने काही विचारलं नाही, पण जाताना सायकलवर बसून मागे वळून म्हणाला की बाई, माणसं आता घमेल्यात बघायला लागली, जग कुठे चाललंय.

पण मूठ दातांत धरून ती शांतपणे श्वास घेऊ शकत होती आणि घमेल्याच्या तळाशी पडलेल्या वॉशरच्या कडेचा गंजसुद्धा तिला दिसत होता. पाणी म्हणजे धुकं नाही, हे तिला त्या घमेल्यात कळलं.

क्रेन यायच्या आदल्या दिवशी सगळे धक्क्यावर निघाले. ओहोटी होती, वारा पडला होता, पाणी हलत नव्हतं. आज हिच्या काखोटीला टॉवेलांखेरीज मोटारीची फुगवलेली ट्यूब आणि एक पिशवी होती. पायरीवर आल्यावर तिने टॉवेल खाली ठेवले, चष्मा काढून डबीत घातला, पिशवीतून ते बेडकाचं तोंड काढलं आणि चढवलं. नळी पट्टीत खोचली.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पायरीवर बसल्या. हसू त्यांच्या पोटातून असं आलं की आवाजच निघेना, नुसते डोळे वाहायला लागले. नवरा म्हणाला, हे काय, गॅसचं काही लीक झालंय का कुठे. मग सासूबाईंचं लक्ष नळीकडे गेलं आणि त्यांचं हसू थांबलं.

"अगं, म्हणजे तो ओव्हरफ्लोचा..."

"तो लांब झाला होता, आई."

तिला वाटलं होतं, आता नाक मुरडतील, घरच्या बाण्याचं काहीतरी काढतील. पण सासूबाईंनी डोळे पुसले, लाँचचा एक जुना दोर मागवला, ट्यूबला आपल्या हाताने गाठ मारली आणि दोराचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. मी धरलंय, म्हणाल्या, आणि कपड्यांकडे पाठ करून पाण्यालगतच्या पायरीवर बसल्या. नवरा एका बाजूला, नणंद दुसऱ्या बाजूला. कपड्यांकडे बघायला कुणीच उरलं नाही, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

ट्यूब बगलांखाली घेऊन ती उतरली. पायाखालची शेवटची पायरी संपली तेव्हा तिने ट्यूबला कवटाळलं. ट्यूबवर चार ठिगळं होती, चारही तिच्या हातची. तिने मनातल्या मनात एकेका ठिगळावर हात फिरवला, मूठ दातांत घट्ट धरली आणि तोंड पाण्यात घातलं.

आधी नुसता स्वतःचा श्वास, फुर्र, फुर्र. मग दिसलं.

उन्हाच्या तिरप्या पट्ट्या खालपर्यंत गेल्या होत्या आणि त्यांच्यातून बारीक मासे आरपार जात होते, जणू कुणी मूठभर सुया फेकल्या असाव्यात. दगडांवरचं शेवाळ एकाच वेळी एकाच बाजूला झुकायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं. धक्क्याच्या खांबाला चिकटलेले शिंपले उघडत होते, मिटत होते. आपले पाय तिला दिसले, पांढरे, मोकळे, उगाच चालत असलेले. तिला मोठ्याने हसू आलं, नळीत पाणी गेलं, ठसका लागला, नवऱ्याने वर उचललं. ती फुंकर मारून पुन्हा खाली गेली.

ओढत ओढत त्यांनी तिला लाँचचा दोर बांधायच्या जुन्या लोखंडी खुंट्याखाली आणलं. हीच ती जागा. नवऱ्याने खांद्यावर थाप मारून खूण केली. तिने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तोंड वर काढलं, मूठ बाजूला केली.

"ही स्कूटर नाही," ती म्हणाली.

तिघेही एकदम बोलायला लागले. स्कूटर नाही म्हणजे काय. ते हँडल, ती सीट, इतकी वर्षं. ती म्हणाली की हँडल नाहीये, ते हात टेकायचे दांडे आहेत. खाली चाकं नाहीत, एक गोल जाड पाय आहे, आणि मागे मान टेकायची उशी.

"सलूनची खुर्ची आहे ती."

नवऱ्याने सूर मारला, डोळे फाडून बघून आला, म्हणाला, स्कूटरच आहे. नणंद गेली. तिला खेकडासुद्धा दिसला. मग वहिनीने पाणचष्मा उतरवून त्यांच्या हातात दिला. आधी नवऱ्याने लावला, खाली डोकं घातलं आणि तसाच भेलकांडत वर आला. भोवळ येतेय, म्हणाला. नणंदेने लावला, तिला तर स्वतःचा हातही धड दिसेना. काचा मायनस नऊच्या होत्या. तिने स्वतः मोजून चिकटवल्या होत्या, आणि त्या जगात एकाच माणसाच्या डोळ्यांना चालणार होत्या.

पायरीवरून सासूबाईंचा आवाज आला. त्या दोर धरून विचारात पडल्या होत्या.

"धक्क्यावर न्हावीदादांचं दुकान होतं बघ," त्या हळूहळू म्हणाल्या. "दुकान उठवलं तेव्हा सगळं सामान नेलं त्यांनी, पण खुर्ची नव्हती टेम्पोत. मी तेव्हाच म्हटलं होतं, एवढी जड खुर्ची गेली कुठे."

नणंद पाण्यातच भावाकडे बघायला लागली. दोघांनी मिळून इतकी वर्षं एका खुर्चीच्या रंगावरून भांडणं केली होती. मग तिला जे हसू फुटलं त्यात तिच्या तोंडात पाणी गेलं, आणि घरातली सगळ्यात पट्टीची पोहणारी वहिनीच्या ट्यूबला लटकली.

"मग माझी गाडी कुठंय?" नवरा म्हणाला. त्याचा चेहरा खरंच पडला होता.

ती म्हणाली की बघूया. गाडी उताराने गेली असेल तर खुंट्यापाशी कशी थांबेल, पुढे गेली असणार. इतक्या वर्षांत असा साधा विचार कुणी केला नव्हता, कारण ती सापडलेलीच होती. तिने पाणचष्मा परत चढवला, तोंड पाण्यात घातलं आणि हाताने खूण केली, डावीकडे. सासूबाईंनी दोर सैल सोडला. ती डावीकडे म्हणेल तिकडे दोघं पोहत होते, थांबा म्हटलं की थांबत होते.

धक्क्याच्या शेवटच्या खांबामागे वाळूचा उंचवटा होता. तळाशी तोंड खुपसून काहीतरी पडलं होतं, बहुतेक वाळूतच गेलेलं. लोखंड होतं ते ओळखू येण्यापलीकडे गेलं होतं, हिरवं नाही आणि काळंही नाही. पण एका टोकाला काहीतरी वाळूतून वर आलं होतं आणि पाण्याबरोबर हलत होतं. सावकाश, इकडून तिकडे. शेवाळ ज्या बाजूला झुकायचं त्या बाजूला तेही झुकायचं. पण ते शेवाळ नव्हतं. काळं होतं, जाड होतं, आणि त्याच्या कडेला एका ठिकाणी कात्री घसरल्याची खाच होती. कात्री का घसरली होती तेही तिला आठवलं. तो समोरच्या बाकावर बसला होता आणि बघत होता.

ती तिथे किती वेळ तरंगत राहिली, कुणास ठाऊक. वरून बघणाऱ्यांना फक्त एक नळी दिसत होती, एका लयीत फुरफुरणारी.

परत आले तेव्हा पायरीवर टॉवेल नव्हते. एक कुत्रं नवऱ्याची पँट घेऊन धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला बसलं होतं, आणि ती सोडवायला तिकीटवाला मदतीला धावला. पँट देताना त्याने पंक्चरवालीकडे पाहिलं, तिच्या तोंडावर उमटलेला रबराचा गोल वळ पाहिला, आणि जन्मात पहिल्यांदा तो पलीकडे न जाता विचारून बसला, खाली काय आहे हो?

"सांगते," ती म्हणाली.

त्या रात्री जेवताना वाढायला कुणीच उठेना, कारण ऐकायला सगळे बसले होते. नणंद खोदून खोदून विचारत होती. सासूबाई मधेच हात वर करून म्हणायच्या, थांब, ते शिंपल्याचं पुन्हा सांग. खुर्चीच्या पाठीमागे मासे राहतात ते कुठल्या रंगाचे, हेही तिलाच ठाऊक होतं. घरात या विषयावर भांडायची सोय आता उरली नव्हती. रंग ती सांगेल तो. शेवटी सासूबाईंनी स्वतः उठून तिच्या पानात वाढलं.

सगळं आवरून झाल्यावर नवरा स्वयंपाकघरात आला. काहीतरी शोधतोय असं दाखवत दोन डबे उघडून बंद केले. मग पाठमोराच म्हणाला की उद्या क्रेनवाल्याला सांगणार आहे, लोखंड ने बाबा, पण मागचं ते रबर तेवढं काढून मला दे.

"कुठलं रबर?" तिने विचारलं.

"ते पान."

ती पाणचष्मा गोड्या पाण्याने धूत होती. काच पुसून तिने उजेडासमोर धरली, आतून एकदा आणि बाहेरून एकदा.

"बदाम," ती म्हणाली.

तो वळला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मान डोलावली. "बदाम," म्हणाला.